नोटेचा कागद, वहीचा कागद

म्हैसूर म्हटले की राजवाडा, दसऱ्याची मिरवणूक, चंदनाचा साबण आणि रेशमी साड्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. या शहराची आणखी एक ओळख मात्र अनेक भारतीयांच्या खिशात असूनही सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या मालकीच्या भारतीय रिझर्व्ह बँक नोट मुद्रण या कंपनीचा एक छापखाना १९९६ पासून म्हैसूर येथे कार्यरत आहे. त्याच नोट मुद्रण नगरात पुढे चलनी नोटांचा कागद तयार करणारी गिरणी उभी राहिली आणि २०२२ च्या मार्चमध्ये ‘वर्णिका’ हा नोटांच्या शाईचा कारखानाही राष्ट्राला अर्पण करण्यात आला. कागद, शाई आणि छपाई या तिन्ही गोष्टी आज एकाच शहरात होतात.

याच जुन्या म्हैसूर संस्थानाने १९३६ मध्ये भद्रावती येथे म्हैसूर पेपर मिल्स ही कागद गिरणी स्थापन केली होती. अनेक दशके वह्यांचा, पुस्तकांचा आणि पुढे वृत्तपत्रांचा कागद पुरविणाऱ्या या गिरणीतील उत्पादन २०१५ च्या सुमारास थांबले. म्हणजे ज्या सुमारास म्हैसूरची नवी गिरणी कागद देऊ लागली, त्याच सुमारास भद्रावतीची जुनी गिरणी शांत झाली. एकाच राज्यातील या दोन गिरण्यांच्या नशिबात एवढे अंतर का पडावे, याचा विचार केल्यास व्यापारी सवलती आणि देशी उद्योग यांच्या नात्याबद्दल बरेच काही हाती लागते.

आयात सवलतींविषयीची चर्चा आपल्याकडे बहुधा दोन टोकांना जाते. एक पक्ष म्हणतो, परदेशी माल रोखा. दुसरा म्हणतो, बाजार खुला ठेवा. कागद उद्योगाचा शंभर वर्षांचा अनुभव पाहता ही दोन्ही उत्तरे अपुरी ठरतात. सवलत किंवा संरक्षण कोणाला दिले, किती काळासाठी दिले आणि त्याच्या बदल्यात काय मागितले, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर उद्योगाचे भवितव्य ठरते.

सवलत म्हणजे नेमके काय?

सीमाशुल्काचा सर्वसाधारण दर सर्व देशांना सारखा असतो. परंतु दोन किंवा अधिक देश आपसांत करार करून एकमेकांच्या मालावर कमी शुल्क लावू शकतात. यालाच प्राधान्य शुल्क म्हणतात. समजा, शंभर रुपये किमतीच्या आयात कागदावर दहा टक्के दराने दहा रुपये शुल्क आहे. आशिया-पॅसिफिक व्यापार कराराखाली भारताने चीनसह काही देशांना कागदाच्या बहुतेक प्रकारांवर या शुल्कात तीस टक्के सूट दिली. तेथून येणाऱ्या कागदावर सात रुपये पडू लागले. आग्नेय आशियातील ‘आसियान’ देशांशी झालेला वस्तुव्यापार करार १ जानेवारी २०१० पासून अंमलात आला, शुल्क टप्प्याटप्प्याने उतरत गेले आणि १ जानेवारी २०१४ पासून बहुतेक कागदावर ते शून्य झाले. दक्षिण कोरियाशी झालेल्या सर्वंकष आर्थिक भागीदारी करारानुसार तेथील कागदही १ जानेवारी २०१८ पासून शुल्कमुक्त झाला.

या सवलतीचा लाभ घेण्यासाठी माल खरोखर त्याच देशात तयार झाल्याचे प्रमाणपत्र लागते. तिसऱ्याच देशातील माल मधल्या देशाचे लेबल लावून येऊ नये, हा त्यामागील हेतू. या तपासणीचे नियम भारताने २०२० च्या सप्टेंबरपासून अधिक कडक केले आणि आयातदारावर माहिती ठेवण्याची जबाबदारी टाकली. २०२२ च्या ऑक्टोबरपासून कागदाच्या आयातीची आगाऊ नोंदणी करणारी पद्धतीही लागू झाली.

या काळात आयात किती वाढली? भारतीय कागद उत्पादक संघटनेच्या आकडेवारीनुसार, वृत्तपत्री कागद वगळता २०१०-११ मध्ये साडेपाच लाख टनांच्या आसपास असलेली आयात २०२३-२४ मध्ये १९ लाख टनांवर गेली. ही सर्व वाढ सवलतीमुळेच झाली असे म्हणणे धाडसाचे होईल. देशातील मागणी वाढली, जागतिक बाजारात भाव पडले, चीनमध्ये नव्या गिरण्या निघाल्या. तथापि ज्या व्यवसायात नफ्याचे प्रमाण मुळातच थोडे, तेथे दहा टक्क्यांचा फरक व्यवहार फिरविण्यास पुरेसा असतो, हे कोणत्याही व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही.

शंभर वर्षांपूर्वीचे कुंपण

सवलतीचा हा खेळ नवा नाही. एके काळी जुन्नरचा आणि दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा हातकागद दफ्तरखान्यांची गरज भागवीत असे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर सरकारी कार्यालयांचा कागद इंग्लंडहून घ्यावा, असे धोरण लंडनच्या इंडिया ऑफिसने अवलंबिले. सरकार हाच मोठा ग्राहक असल्याने एका आदेशाने देशी कागदाची बाजारपेठ आकसली. हीही एक व्यापारी सवलतच होती. ती देणारा आणि घेणारा एकच होता, एवढेच.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजमधील आपल्या व्याख्यानात भारतासारख्या देशाला इंग्लंडचे खुल्या व्यापाराचे अर्थशास्त्र जसेच्या तसे लागू पडत नाही, अशी मांडणी केली. बाल्यावस्थेतील उद्योगाला राज्याचा आधार हवा, हे त्यांचे प्रतिपादन पुढच्या पिढ्यांना मार्गदर्शक ठरले. त्याआधीच, १८८० च्या दशकात, पुण्याजवळ मुंढवा येथे कागद गिरणी उभी राहिली होती. मात्र धोरणाला प्रत्यक्ष कायद्याचे रूप येण्यास आणखी तीन दशके जावी लागली.

१९२५ मध्ये बांबू कागद उद्योग संरक्षण कायदा संमत झाला. त्यान्वये छपाईच्या आणि लिहिण्याच्या आयात कागदावर पौंडामागे एक आणा शुल्क बसले. या कायद्याच्या नावातील ‘बांबू’ हा शब्द महत्त्वाचा आहे. टॅरिफ बोर्डाने सर्व गिरण्यांना सरसकट आधार दिला नाही. भारतात मुबलक असलेल्या बांबूपासून कागद करण्याचे तंत्र वाढीस लागावे, या हेतूने हे संरक्षण होते आणि त्याला सात वर्षांची मुदत होती. १९३२ मध्ये मुदत वाढविताना आयात लगद्यावर टनामागे ४५ रुपये शुल्क बसविण्यात आले. परदेशी लगदा आणून देशी कागद म्हणून विकण्याची सोयीस्कर वाट त्यामुळे अरुंद झाली. शिवाय वृत्तपत्रांचा स्वस्त कागद या शुल्कातून वगळला होता. वाचकाच्या खिशाला अकारण झळ लागू नये, एवढे भान त्या काळच्या परकीय सरकारलाही राखावे लागले.

या कायद्याच्या छायेत देशातील कागदाचे उत्पादन दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभापर्यंत दुपटीहून अधिक झाले. भद्रावतीच्या गिरणीचा जन्मही याच काळातला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले आणि खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाज्यांमुळे महाराष्ट्राला परिचित असलेले सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी म्हैसूर संस्थानात उद्योगीकरणाचा पाया घातला. पुढे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांच्या कारकिर्दीत त्यावर जे कारखाने उभे राहिले, त्यांत ही कागद गिरणीही होती. भोवतीच्या मलनाडमध्ये बांबूची वने, शेजारून वाहणारी भद्रा नदी आणि आयात कागदावर शुल्क, अशी तिहेरी अनुकूलता तिला लाभली.

भद्रावती : कुंपण राहिले, शेत सुकले

१९७७ मध्ये ही गिरणी सरकारी कंपनी झाली आणि ऐंशीच्या दशकात तिने वृत्तपत्री कागदाचे मोठे उत्पादन हाती घेतले. वर्षाला ७५ हजार टन वृत्तपत्री कागद आणि ३० हजार टन लिहिण्या-छपाईचा कागद अशी तिची क्षमता होती. उसाचे चिपाड कच्चा माल म्हणून मिळावे यासाठी साखर कारखानाही जोडण्यात आला.

त्या काळी वृत्तपत्री कागद ही नियंत्रित वस्तू होती. आयात सरकारी महामंडळामार्फत होई, प्रत्येक वृत्तपत्राचा कोटा ठरलेला असे आणि ठरावीक प्रमाणात देशी कागद घेणे बंधनकारक असे. जळगाव-भुसावळकडून खांडव्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील नेपानगरची गिरणी, भद्रावती आणि केरळमधील हिंदुस्थान न्यूजप्रिंट या गिरण्यांना त्यामुळे ग्राहक शोधावा लागत नसे. या नियंत्रणाची दुसरी बाजूही होती. कागदाच्या कोट्याबरोबर वृत्तपत्रांच्या पानांवरही बंधने आली आणि १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला दहा पानांची मर्यादा घटनाबाह्य ठरवावी लागली.

हे संरक्षण कधी संपेल, याची तारीख कोणी लिहिली नव्हती. त्या बदल्यात गिरणीने काय साधावे, हेही ठरले नव्हते. १९९५ मध्ये वृत्तपत्री कागदाची आयात खुली झाली. सूचिपर्णी वृक्षांच्या लाकडापासून प्रचंड प्रमाणावर तयार होणारा, उजळ आणि वेगवान छपाई यंत्रावर न फाटणारा परदेशी कागद वृत्तपत्रांना उपलब्ध झाला. जुनी यंत्रे, विजेचा वाढता खर्च, कच्च्या मालाची ओढाताण आणि साचत गेलेला तोटा यांच्या ओझ्याखाली भद्रावतीची गिरणी दोन दशकांत थांबली. नेपानगरची गिरणीही २०१६ मध्ये नूतनीकरणासाठी बंद झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. केरळमधील गिरणी २०१९ मध्ये बंद पडली. पुढे राज्य सरकारने ती विकत घेऊन नव्या नावाने चालू केली.

बंद गिरणीचा हिशेब ताळेबंदात पुरता मावत नाही. कामगार वसाहतीतील कुटुंबे, गिरणीसाठी झाडे लावणारा शेतकरी, मालमोटारींचे चालक, गिरणीच्या पगाराच्या तारखेवर उधारी वसूल करणारा वाणी, असे सारे गाव त्यात असते. म्हणूनच संरक्षण अचानक काढून घेणे जसे अन्यायाचे, तसे ते वर्षानुवर्षे बिनशर्त चालू ठेवणे हाही त्याच कामगारांवरचा अन्याय आहे. दुसऱ्या प्रकारचा अन्याय उशिरा कळतो, इतकेच.

२०१९ च्या जुलैमधील अर्थसंकल्पात वृत्तपत्री कागदावर दहा टक्के शुल्क बसले. वृत्तपत्रांनी विरोध केला आणि २०२० च्या फेब्रुवारीत ते पाच टक्क्यांवर आले. सात महिन्यांत निम्मे होणाऱ्या शुल्काच्या भरवशावर कोणता उद्योजक नवे यंत्र बसवील आणि कोणती बँक त्याला दहा वर्षांचे कर्ज देईल? शुल्क किती आहे याइतकेच ते किती काळ टिकेल हेही महत्त्वाचे असते.

म्हैसूर : निश्चयी ग्राहकाचे बळ

आता नोटेच्या कागदाकडे वळू. नाशिकला १९२८ पासून नोटा छापल्या जातात, परंतु त्यांचा कागद दीर्घकाळ परदेशातून येत होता. १९६८ मध्ये होशंगाबाद, म्हणजे आजचे नर्मदापुरम, येथे सिक्युरिटी पेपर मिल सुरू झाली. तरी वाढत्या गरजेपुढे तिचे उत्पादन तोकडे पडत राहिले. असा कागद करणाऱ्या कंपन्या जगात मोजक्याच आहेत. देशाचे चलन मूठभर परकीय पुरवठादारांवर अवलंबून असणे हे खर्चाच्या आणि सुरक्षिततेच्या, दोन्ही दृष्टींनी चिंताजनक होते.

२०१० मध्ये सरकारी मालकीची चलन व प्रतिभूती मुद्रण कंपनी आणि रिझर्व्ह बँकेची नोट मुद्रण कंपनी यांनी समान भागीदारीत बँक नोट पेपर मिल इंडिया ही कंपनी स्थापन केली. म्हैसूर येथे वर्षाला १२ हजार टन क्षमतेची गिरणी उभारण्यात आली. २०१५ च्या मे महिन्यात होशंगाबादच्या गिरणीतही सहा हजार टनांची नवी यंत्रमालिका सुरू झाली आणि तेथील कागदाची पहिली खेप नाशिकला रवाना झाली. परदेशी कागदावरील अवलंबन त्यानंतर मोठ्या प्रमाणावर घटले.

ही गिरणी का उभी राहू शकली, याची कारणे सरळ आहेत. पहिले कारण कच्च्या मालाचे. नोटेचा कागद लाकडापासून होत नाही. सूतगिरण्यांत कापूस विंचरताना निघणाऱ्या आखूड तंतूंपासून तो होतो. असा कापूस या देशात विपुल आहे. दुसरे कारण ग्राहकाचे. किती कागद लागेल हे आधीच माहीत असलेला आणि तो घेण्यास बांधलेला ग्राहक पाठीशी होता. तिसरे कारण दर्जाचे. जलचिन्ह, सुरक्षा धागा, घडी सोसण्याची ताकद यांचे निकष देशी मालासाठी सैल केलेले नव्हते. ग्राहक हाच परीक्षकही होता.

याही व्यवस्थेला मर्यादा आहेत. एकच ग्राहक आणि दोनच गिरण्या असल्या की खर्चाची तुलना कोणाशी करायची, हा प्रश्न उरतोच. मोबाइलवरून पैसे देण्याची सवय वाढत गेल्यावर नोटांची मागणी कोणत्या गतीने बदलेल, याचाही विचार करावा लागेल. वहीचा कागद तर हजारो ग्राहक विकत घेतात. त्यांना एका छताखाली आणता येणार नाही. तरीही कच्चा माल, निश्चित मागणी आणि न वाकणारा दर्जा ही सूत्रे नोटेपुरती मर्यादित नाहीत.

लाकूड कोठून आणावे?

लिहिण्या-छपाईच्या कागदाची मूळ अडचण शुल्कात नसून लाकडात आहे. इंडोनेशियातील मोठ्या गिरण्यांना लगतच विस्तीर्ण लागवडी लाभल्या आहेत. भारताच्या १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने उद्योगांनी आपली गरज शेतकऱ्यांच्या सहकार्याने भागवावी, असे स्पष्ट केले. हे धोरण वनांच्या दृष्टीने योग्यच होते, कारण त्याआधीचा अनुभव कटू होता. अनेक दशके सरकारी वनांतील बांबू गिरण्यांना नाममात्र दराने मिळत असे आणि बुरूड समाजाला मात्र तोच बांबू बाजारभावाने घ्यावा लागे. माधव गाडगीळ आणि रामचंद्र गुहा यांनी कर्नाटकातील या विषमतेकडे लक्ष वेधले. स्वस्त बांबूची ही सवलत सीमाशुल्काच्या तक्त्यात दिसत नव्हती, पण तिची किंमत वनांनी आणि वनाश्रित माणसांनी मोजली. फुकटात मिळणारी वस्तू जपण्याची गरज कोणाला वाटत नाही. बांबूच्या बाबतीत तेच घडले.

महाराष्ट्रात या प्रश्नाला वेगळे वळण मिळाले. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाला २०११ मध्ये स्वतःच्या वनातील बांबूचा वाहतूक परवाना देण्याचा अधिकार प्राप्त झाला. २०१७ मध्ये वन कायद्यात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेरील बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळण्यात आला. म्हणजे बांबू विकणारा आता शेतकरी किंवा ग्रामसभा आहे आणि त्याला योग्य भाव मागण्याचा अधिकार आहे. देशी कागद काहीसा महाग होण्यामागे हेही एक कारण आहे. ते दूर करण्यासारखे नाही, उलट अभिमानाने सोसण्यासारखे आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारपूरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कागद कंपनीने २००७ मध्ये लाकडाच्या शोधात मलेशियातील सबाह येथील वनउद्योग विकत घेतला. कर्जाचा भार वाढत गेला आणि २०२० च्या जानेवारीत कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. बल्लारपूरची कहाणी पाहता सारा दोष आयात सवलतीवर टाकणे सोयीचे असले तरी न्याय्य नाही. विस्ताराचा वेग, कर्जाचे प्रमाण आणि कच्च्या मालाची अनिश्चिती यांचाही त्यात वाटा होता. बँकांच्या दृष्टीने हा धडा मोलाचा आहे, कारण अशा कर्जांमागे अखेर सामान्य ठेवीदाराचा पैसा असतो.

स्वस्त कागद कोणाला हवा?

आयात कागदाला विरोध करताना त्याचा वापर करणाऱ्यांकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. गल्लीतील छपाईवाला, वह्या बांधणारा लघुउद्योजक, दिवाळी अंकाचा प्रकाशक, औषधांच्या खोक्यांचा पुठ्ठा घेणारा कारखानदार हे सर्व बँकेचे ग्राहकच आहेत. कागद महागला की त्यांचे खेळते भांडवल अडकते. शालेय वही महागली की त्याची झळ पालकाला बसते.

गिरण्यांचीही एक विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. त्यांतील अनेक परदेशातून लगदा आणि रद्दी कागद आणतात आणि त्यांवर शुल्क नसावे, असे त्यांना वाटते. मात्र तयार कागदावर शुल्क असावे, असा त्यांचा आग्रह असतो. म्हैसूरजवळच्या नंजनगूड येथे १९५९ पासून चालत असलेली गिरणी आज रद्दीपासून खोक्यांचा कागद करते. अशा गिरण्यांना रद्दीचा पुरवठा हाच जीव की प्राण आहे. आपल्याकडे घरोघरी रद्दीवाला येत असूनही कार्यालये, शाळा आणि दुकाने यांतील बराच कागद ओल्या कचऱ्यात मिसळून वाया जातो. तो वेगळा ठेवला तर जे काम होईल, ते कोणत्याही शुल्काने होणार नाही.

पुढे काय करावे?

‘आसियान’ कराराच्या फेरविचाराची मागणी कागद उद्योगाने सातत्याने केली आहे. तिचा विचार व्हावा, परंतु सरसकट नव्हे. कागदाचे प्रकार निरनिराळे आहेत. जो कागद ऊस चिपाड, बांबू, शेतातील लाकूड किंवा रद्दी यांपासून देशात चांगला होऊ शकतो, त्यापुरते मर्यादित मुदतीचे संरक्षण मागणे समर्थनीय ठरेल. ज्याचा कच्चा मालच येथे नाही, त्यासाठी छपाईवाल्यावर बोजा टाकणे उचित नाही. माल खरोखर अवाजवी कमी भावाने ओतला जात असेल, तर त्यासाठी डंपिंगविरोधी शुल्काचा मार्ग आहे. २०१८ च्या डिसेंबरात इंडोनेशिया, थायलंड व सिंगापूर येथील कॉपियर कागदावर असे शुल्क लावण्यात आलेही होते. हा मार्ग चौकशीचा आणि पुराव्याचा असल्याने तो जलद व्हावा, एवढी अपेक्षा रास्त आहे.

संरक्षणाला तारीख हवी आणि अट हवी. बँक नव्या प्रकल्पाला मुदत कर्ज देते तेव्हा आरंभीची काही वर्षे हप्ते स्थगित ठेवते. ही सूट कधी संपणार हे करारात लिहिलेले असते आणि तोवर यंत्रे बसली का, उत्पादन सुरू झाले का, याची पाहणी होते. ही साधी शिस्त शुल्काच्या संरक्षणाला लावली असती, तर भद्रावतीला सावध होण्यास वेळ मिळाला असता. पाणी आणि वीज किती वाचविली, यंत्रे किती नवी केली, शेतकऱ्यांशी किती करार केले, यांचा वार्षिक आढावा घेऊनच संरक्षण पुढे चालू ठेवावे.

निश्चित मागणीचा धडाही वहीच्या कागदाला अंशतः लागू करता येईल. सरकारी खरेदीत देशी मालाला प्राधान्य देण्याचा आदेश केंद्राने २०१७ मध्ये काढला आहे. ‘बालभारती’सारख्या राज्याराज्यांतील पाठ्यपुस्तक संस्थांची कागदाची खरेदी मोठी असते. ती दरवर्षी नव्याने निविदा काढून करण्याऐवजी दर्जाचे कठोर निकष ठेवून तीन ते पाच वर्षांच्या कराराने केली, तर गिरणीला मागणीची आणि बँकेला परतफेडीची खात्री मिळेल. पाठ्यपुस्तकांचा खर्च वाढू नये, यासाठी करारातच किमतीचे सूत्र बांधता येईल.

अखेरचे काम शेतावर होणार आहे. निलगिरी, सुबाभूळ, सुरू किंवा बांबू लावणाऱ्या शेतकऱ्याला पहिली तीन-चार वर्षे उत्पन्न नसते. एका हंगामाच्या पीक कर्जाच्या चौकटीत ही लागवड बसत नाही. लागवड, गिरणीशी करार आणि तोडणीनंतर परतफेड अशी साखळी बांधणारी कर्जे वाढविणे बँकांना शक्य आहे. तोडणीच्या वेळी भाव कोसळल्यास कोणी किती सोसावे, हे करारातच ठरले पाहिजे. अन्यथा शेतकरी एकदा फसल्यावर पुन्हा झाड लावणार नाही.

धनादेशाच्या पानावरील जलचिन्ह उजेडात धरून पाहणाऱ्या ग्राहकाला कागदाचा दर्जा कळतो. वही घेताना मात्र तो पाने आणि किंमत एवढेच मोजतो. त्यात गैर काही नाही. ग्राहकाने देशप्रेमापोटी महाग वही घ्यावी, अशी अपेक्षा करणे हे धोरण नव्हे. धोरणकर्त्यांचे काम हे की, देशी वही त्याच किमतीला आणि त्याच दर्जाची मिळावी, इतका अवकाश आणि इतकी शिस्त त्यांनी गिरणीला द्यावी. नोटेच्या कागदाबाबत म्हैसूरने ते करून दाखविले आहे. वहीच्या कागदासाठी तेच करण्याची संधी सरकार, गिरण्या, बँका आणि शेतकरी यांच्यापुढे आहे. ही संधी कायम उघडी राहील असे मात्र नाही, कारण गिरणी एकदा बंद पडली की तिचे कुशल कामगार पांगतात आणि ते पुन्हा गोळा करता येत नाहीत.